ढोलीच्या तोंडावरचं शेवाळ : एका मॉसचं प्रकरण आणि आपल्या कोल्हापूरची झाडं

झाड वाचवलं म्हणजे झाडावरचं सगळं वाचलं असं आपण धरूनच चालतो, आणि ते किती फसवं आहे हे बघायचं असेल तर हे प्रकरण एकदम फिट्ट आहे. मॉस म्हणजे खोडावर-भिंतीवर येणारं बारीक पानांचं हिरवं मखमली शेवाळ, आणि हे मॉस आहे इंग्लंडचं, आपल्याकडं ते उगवत नाही, त्यामुळं कुणी लगेच भिंग घेऊन दाजीपूरला पळू नका. पण आमच्या झाडांच्या ग्रुपवर मध्यंतरी एका पेठेतल्या जुन्या उंबराच्या ढोलीवरनं जो वाद पेटला (सिमेंट भरायचं का नाही भरायचं) त्यात अर्धे लोक म्हणत होते की बाबा झाड जिवंत राहिलं म्हणजे बास की, आणि अर्धे म्हणत होते ढोली गेली तर झाडाचा उपयोग काय. त्या वादात मी हे प्रकरण सांगितलं होतं पण चॅटमध्ये तुकड्या-तुकड्यात, कुणाला नीट कळलं नाही, म्हणून आता सलग लिहितोय.

मॉसचं शास्त्रीय नाव कोडोनोब्लेफॅरॉन फॉरस्टेराय. जुन्या पुस्तकात झायगोडॉन फॉरस्टेराय म्हणून सापडतं. एडवर्ड फॉर्स्टर नावाचा एक इंग्लिश माणूस होता, पेशानं बँकवाला आणि छंदानं वनस्पती गोळा करणारा, त्याच्यावरनं नाव पडलंय. तिकडचे लोक त्याला सरळ नॉटहोल मॉस म्हणतात कारण ते ढोलीवाचून राहतच नाही. ढोली म्हणजे घुबड बसतं एवढी मोठी असायला पाहिजे असं नाही हां, एखादी फांदी जुनी होऊन तुटली, तिथं कुजून खोबण झाली, तिच्यात पावसाचं पाणी साठलं आणि भरल्यावर ओघळून खोडावरनं खाली आलं, तर त्या खोबणीची कड आणि खाली तो ओघळाचा काळपट ओला पट्टा, एवढीच जागा या मॉसची. त्याच झाडावर हातभर बाजूला सरका, कोरड्या सालीवर, तिथं ते नाही. म्हणजे झाड पस्तीस हात उंच असेल पण या भाडेकरूची खोली तळहाताएवढी.

ते तिथंच का राहतं, तर साठलेल्या पाण्यात पानं कुजतात, लाकूड कुजतं, त्यातली खनिजं विरघळून पाण्याबरोबर बाहेर येतात. बीच नावाचं जे झाड आहे (युरोपातलं, मोठं, राखाडी, गुळगुळीत सालीचं) त्याची साल तशी आम्लधर्मी आणि कंजूष, तिच्यावर फार काही टिकत नाही. पण ढोलीतनं झिरपणाऱ्या पाण्यानं तेवढा पट्टा वेगळाच होतो, ओलावा जास्त आणि खाऊपण जास्त. मॉसला मुळं नसतात, म्हणजे धरून ठेवायला बारीक तंतू असतात पण पाणी ओढायला मुळं नाहीत, आत नळ्यापण नाहीत, जे काही प्यायचं ते पानाच्या अंगानंच. म्हणून जागा बदलली की संपलं.

हे कसं चालतं ते आपल्याकडंच बघता येतं, त्याला इंग्लंडला जायला नको. मे महिन्यात पन्हाळ्याच्या बाजूला कुठल्याही जुन्या आंब्याच्या खोडाकडं जावा, उत्तरेकडच्या अंगाला, जिथं दोन मोठ्या फांद्या फुटतात त्याच्या खाली. काळी-करडी, खरखरीत पापुद्र्यासारखी काहीतरी दिसतील, हात लावला तर चुरा होईल असं वाटतं. बाटलीतलं घोटभर पाणी ओता आणि भिंग लावून बघत बसा. मॉसची पानं जी त्याच्याच बारक्या दांड्याला चिकटून वळलेली असतात ती बघता बघता सुटायला लागतात, आधी टोकं, मग सगळं पान आडवं होतं आणि करड्याचं हिरवं होतं. मी हे कितीतरी पोरांना दाखवलंय, प्रत्येकजण एकदा तरी "हे मेलेलं नव्हतं व्हय" म्हणतोच. तर हे प्राणी, म्हणजे वनस्पती, वाळून गप्प पडायला घाबरत नाहीत. त्यांना मारायला उन्हाळा पुरत नाही. मारायला जागा जावी लागते.

आता फॉरस्टेरायची जागा. ब्रिटनमध्ये हे तीनच भागात आहे: लंडनच्या ईशान्येचं एपिंग फॉरेस्ट, पश्चिमेचं बर्नहॅम बीचेस आणि दक्षिणेकडचं न्यू फॉरेस्ट. युरोपात खाली भूमध्य समुद्राच्या बाजूलापण आहे, पण ब्रिटनमधलं ते असं तीन तुकड्यात तुटून राहिलेलं, आणि प्रत्येक तुकड्यातपण सगळ्या जंगलात नाही, मोजक्या म्हाताऱ्या झाडांवर. इथं गंमत बघा, हे मॉस पोरंबाळं करण्यात कमी नाही. एकाच रोपावर नर-मादी दोन्ही, बोंडं भरपूर धरतात, त्यातनं बीजाणू उडतात. बऱ्याच दुर्मिळ मॉसचं रडगाणं असतं की नर एका झाडावर मादी दुसऱ्या, गाठच पडत नाही. इथं तसलं काही नाही. बीजाणू आहेत, वारा आहे, उतरायला जागाच नाही. म्हणजे मॉसची तब्येत एकदम ठणठणीत आणि घराचा वांदा.

हा वांदा झाला कसा, ही खरी स्टोरी आहे आणि ती सगळी एपिंग फॉरेस्टमध्ये घडलेली आहे, म्हणून मी तिथंच जास्त थांबणार.

शेकडो वर्षं एपिंगच्या आजूबाजूच्या गावांना जंगलातनं सरपण तोडायचा हक्क होता. झाड मुळासकट तोडायचं नाही, माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे चरणाऱ्या गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर फांद्या तोडायच्या, दहा-पंधरा वर्षांनी परत फुटवे जाड झाले की परत तिथंच तोडायच्या. हिवाळ्यातच, 11 नोव्हेंबर ते 23 एप्रिल असा रिवाज. आपल्याकडं राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला शेतकरी भाताच्या तरव्याची जागा भाजायला ऐन-किंजळीचा टाळ (पानांसकट फांद्या) तोडतात, झाड सवळतात, म्हणजे झाड ठेवून फांद्या उतरवतात, त्याच जातीतला प्रकार, फक्त तिकडं सरपणासाठी. अशा सारख्या सवळलेल्या झाडाचं खोड बुटकं आणि पिळदार होतं, वर मुंडकं सुजल्यासारखं, आणि प्रत्येक जुन्या घावाच्या ठिकाणी खोबण. नुसत्या खोबणीच खोबणी. शिवाय वरचा भार सारखा उतरत असल्यानं झाड वाऱ्यात मोडत नाही आणि नेहमीच्या बीचपेक्षा कितीतरी जास्त जगतं. मॉसच्या दृष्टीनं यापेक्षा भारी वसाहत कुणी बांधून दिली नसती, आणि बांधणाऱ्यांच्या डोक्यात मॉस बिलकुल नव्हतं, त्यांना चूल पेटवायची होती.

मग एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी जंगलाला कुंपणं घालायला सुरुवात केली. लाउटन गावच्या थॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनी आपला हक्क सोडला नाही, कुंपण घातलेल्या जागेत घुसून फांद्या तोडल्या, 1866 साली त्याच्या घरातली माणसं तुरुंगात गेली. प्रकरण पेटलं, मोठमोठे लोक उतरले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी 1878 ला एपिंग फॉरेस्टचा कायदाच झाला, जंगल लंडन शहराच्या कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेलं, 1882 ला व्हिक्टोरिया राणी स्वतः येऊन हे जंगल जनतेचं म्हणून जाहीर करून गेली. शहराशेजारचं जंगल बिल्डरांच्या तोंडातनं काढून लोकांसाठी राखलं, त्या काळात, ही साधी गोष्ट नाही. मला वाचताना खरंच आनंद झाला होता.

पण त्याच कायद्यानं फांद्या तोडायचा हक्कपण बंद केला. गावाला भरपाई दिली, त्यातनं लाउटनमध्ये एक सभागृह बांधलं, लॉपिंग हॉल, अजून आहे. सगळ्यांना वाटलं झालं, झाडांवरची कुऱ्हाड कायमची थांबली.

थांबली, आणि झाडं वाढायला लागली. तोपर्यंत ज्यांच्या मुंडक्यावर मनगटाएवढे फुटवे असायचे त्यांचे आता एकेक झाडाएवढे दांडगे फाटे झाले. खाली खोड तेच, म्हातारं, आतनं पोकळ, आणि वर सात-आठ मोठ्या झाडांचा भार. एखादं वादळ आलं की मधोमध उभं चिरून झाड दोन्ही बाजूला पडतं. दुसरं म्हणजे सावली. पूर्वी तोडणीच्या फेऱ्यांमुळं जंगलात कुठं ना कुठं उजेडाची खिडकी उघडी असायची, आता सगळा मांडव वरनं बंद झाला. त्यात गुरं चारणं कमी झालं तशी खाली हॉली नावाची काटेरी पानांची सदाहरित झुडपं माजली, ती तर बाराही महिने अंधार करतात. ढोलीच्या कडेला बसलेल्या या मॉसला ओलावा पाहिजे हे खरं, पण काळोख नको. काळोखात त्याच्या डोक्यावरनं दुसरी, सावलीत खूष असणारी दांडगी मॉस पसरतात आणि हा बिचारा आत दबून जातो.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. 1878 नंतर नवीन झाडं सवळलीच नाहीत ना कुणी. म्हणजे आज जी म्हातारी, ढोल्यावाली झाडं आहेत ती सगळी त्या जुन्या काळातली, आणि त्यांच्या मागं जी पिढी आली ती सरळसोट, गुळगुळीत, बिनखोबणीची. मधली पिढीच नाही! घरात आजोबा आहेत आणि एकदम नातू, बाप गायब. म्हाताऱ्या झाडांची संख्या एपिंगमध्ये अजून बक्कळ आहे, हजारोंच्या घरात, म्हणून वरवर बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण ती एका दमात म्हातारी झालीत, तर जातीलपण साधारण एकाच सुमाराला, आणि त्या दिवशी मॉसनं कुठं जायचं? शेजारच्या ऐंशी वर्षांच्या झाडाला अजून एकसुद्धा नीट खोबण पडलेली नाही.

हवेचं प्रकरण वेगळं. लंडनच्या कोळशाच्या धुरानं आसपासच्या झाडांवरची मॉस आणि दगडफुलं दीडशे वर्षं जाळली, पानाच्या अंगानंच पाणी पिणाऱ्याला पाण्यातलं गंधकाचं आम्ल गाळायला चाळणी नसते. डिसेंबर 1952 च्या त्या प्रसिद्ध धुरक्यानंतर 1956 ला स्वच्छ हवेचा कायदा आला, कोळसा हळूहळू गेला, बरीच मॉस परतली. पण त्याच्या जागी गाड्यांचा नायट्रोजन आला. एपिंगच्या जंगलाला लागून एम-25 हा लंडनभोवतीचा रिंगरोड जातो. जंगल तुटू नये म्हणून एका ठिकाणी तो चक्क जमिनीखालून नेलाय, बेल कॉमनचा बोगदा, वर क्रिकेटचं मैदान जसंच्या तसं. रस्ता बोगद्यात गेला पण धूर काय बोगद्यात बसून राहणार आहे का. नायट्रोजनचा त्रास गंधकासारखा दिसत नाही, तो जाळत नाही, तो खत घालतो. खत मिळालं की सालीवर हिरवी बुळबुळीत शैवालं आणि दोनचार धटिंगण जाती फोफावतात आणि जी जात कमी खाऊन नेमक्या जागी जगायला शिकली ती बाहेर फेकली जाते. ऊसवाल्यांना हे समजवायला नको, पाणी-खत बक्कळ दिलेल्या बांधावर कुठलं गवत उरतं ते सगळ्यांनी बघितलंय.

दुष्काळ-वादळांचं थोडक्यात सांगतो. बीचची मुळं उथळ असतात. 1976 च्या उन्हाळ्यातल्या कोरड्यानं बरीच बीच खंगली, आणि 16 ऑक्टोबर 1987 च्या पहाटेच्या वादळात आग्नेय इंग्लंडात साधारण दीड कोटी झाडं पडली. ज्या मॉसची सगळी दौलत मोजक्या म्हाताऱ्या झाडांवर आहे त्याच्यासाठी असली एक रात्रपण परवडत नाही.

कायदा काय म्हणतो? 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या आठव्या परिशिष्टात हे मॉस नावानिशी आहे, ते मुद्दाम तोडणं, उपटणं, नष्ट करणं गुन्हा. चांगलंय. पण मला सांगा, ढोलीच्या तोंडावरचं अर्धा इंच शेवाळ चोरायला येतंय कोण? एखादा नमुने गोळा करणारा हावरट सोडला तर कुणी नाही. त्याला मारतंय ते वय, सावली, हवा आणि मधली गायब पिढी, आणि यातल्या कुणालाच पोलीस पकडू शकत नाहीत.

मग तिथल्या लोकांनी केलं काय, तर परत कुऱ्हाड काढली. हे ऐकून आमच्या ग्रुपवर एकजण चिडलाच होता, म्हणे झाडं वाचवणारेच तोडायला लागले. पण विचार करून केलेलं काम आहे. शंभर-सव्वाशे वर्षं न तोडलेल्या म्हाताऱ्या बीचचं मुंडकं जर एकदम साफ केलं तर ते झाड मरतं, बीचला तो धक्का सोसत नाही, विशेषतः सालीवर एकदम ऊन पडलं की. म्हणून टप्प्याटप्प्यानं, थोडा भार आज उतरवायचा, काही वर्षं थांबायचं, फुटवे आले का बघायचं, मग पुढचा. जिथं मॉस आहे त्या झाडाभोवतीची झुडपं आणि मधे घुसलेली पोरसवदा झाडं हळूहळू काढायची, तीपण एका हंगामात सगळी नाही, कारण सावलीला सरावलेली ढोली एकदम उघडी पडली तर ओलावा उडून जातो. बर्नहॅम बीचेसमध्ये, जे 1880 पासून त्याच लंडन कॉर्पोरेशनकडं आहे, गुरं, घोडे, डुकरं परत चरायला सोडलीत म्हणजे झुडपं आपोआप आटोक्यात राहतात. आणि तरुण झाडं निवडून त्यांना आत्तापासूनच सवळायला घेतलंय, उद्याच्या ढोल्यांची आज तयारी. काही ठिकाणी तर मुद्दाम तरुण झाडाला जखम करून खोबण लवकर पडेल असं बघतात, हे जरा अघोरी वाटतं पण मधली पिढीच नसेल तर दुसरं काय करणार.

माझं मत विचाराल तर यातलं मुंडक्याचा भार उतरवणं आणि झुडपं काढणं हे नक्की उपयोगाचं, ते आज असलेल्या झाडाचं आयुष्य वाढवतं. नवीन झाडं सवळणं हे खरं औषध, पण त्याचा गुण यायला करणारा माणूस जिवंत नसणार. आणि हवेचं जंगलवाल्यांच्या हातातच नाही, ते रस्तेवाल्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या हातात आहे. 1878 ला ज्यांनी जंगल वाचवलं त्यांना मी दोष देणार नाही, त्यांनी बांधकाम थांबवलं नसतं तर आज वाद घालायला ढोलीच नसती. फक्त त्यांनी झाड आणि झाडाशी माणसानं केलेला व्यवहार हे दोन वेगळे धरले आणि दुसरा बंद केला.

आता उंबर. पेठेतल्या एका बोळात आहे, भिंतीला टेकून, खोडात छातीएवढ्या उंचीवर ढोली, पावसाळ्यात भरते आणि एका बाजूनं पाणी ओघळतं. त्या ओघळावर गुडघ्यापर्यंत हिरवं मखमली मॉस. डास होतात म्हणून तक्रार झाली, आणि ती तक्रार खोटी नव्हती हे आधी मान्य करूया, डेंगीचा डास झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात अंडी घालतोच. एका घरात पेशंटपण होता. त्यांनी सिमेंट आणून ठेवलेलं. आणि "शेवाळ्यासाठी माणसं मारायची का" असं कुणी विचारलं तर उत्तर नाही, माणसं मारायची नाहीत.

पण सिमेंटनं झाडाचंपण भलं होत नाही. पूर्वी सगळीकडं ढोल्या भरायचे, जगभर, दाताच्या डॉक्टरासारखे, आता ती पद्धत मागं पडलीय कारण झाड वाऱ्यात हलतं आणि सिमेंट हलत नाही, मधे फट पडते, फटीत पाणी जातं आणि कूज वाढते. शिवाय सिमेंटमधनं चुन्याचं पाणी झिरपणार, ते त्या ओघळावरनं खाली येणार, तिथलं मॉस जळणार. मग ठरलं काय, तर ढोलीत वाळू भरायची, काठाच्या जरा खालपर्यंत. साठलेलं उघडं पाणी राहत नाही म्हणजे डासाला अंडी घालायला जागा नाही, आणि पाऊस आला की वाळूतनं भरून पाणी पहिल्यासारखं ओघळतं. बोळातल्याच एका काकूंनी सुनावलं, "वाळू दरवर्षी बघायला कोण येणार, तुम्ही फोटो काढून जाणार." बरोबर बोलल्या. मृगाच्या आधी एकदा आणि श्रावणात एकदा बघायचं असं दोघांनी अंगावर घेतलंय, त्यातला एक त्याच बोळातला आहे हे बरं.

आपल्याकडच्या सालीवरच्या मॉसमध्येपण बघण्यासारखं खूप आहे. इर्पोडियम मँजिफेरी म्हणून एक बारकुंडं, खोडाला चपटं चिकटून सरपटणारं मॉस आहे, आंब्याच्या झाडावरनंच नाव दिलेलं. सह्याद्रीत मॅक्रोमिट्रियम आहेत, ती तर आपल्या फॉरस्टेरायच्याच खानदानातली, फांद्यांवर गालिच्यासारखी पसरतात. गगनबावड्याच्या पावसात यांची चैन असते. शहरात अवघड, कारण इथं कोरडे महिने, गुऱ्हाळ-वीटभट्टीचा आणि पाचट जाळल्याचा धूर, गाड्या, आणि वरनं आपण.

आपण म्हणजे चुना आणि गेरू. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला कंबरेएवढा पांढरा पट्टा आणि त्यावर तांबडा, दरवर्षी नवीन. गाडीवाल्याला रात्री झाड दिसावं म्हणून, हे ठीक. पण चुना अल्कधर्मी, झाडाची साल त्याच्या उलट, आणि खोडाचा तळाकडचा जो भाग सगळ्यात ओला आणि भेगाळलेला असतो, जिथं मॉस पहिल्यांदा धरतं, नेमका तोच आपण रंगवतो. मी एका रांगेतली रंगवलेली आणि न रंगवलेली झाडं भिंग लावून बघितली. पट्ट्याच्या आत भेगांमध्ये पांढरा भुगा आणि मुंग्या, आणि पट्टा जिथं संपतो तिथं, अगदी रेषेत आखल्यासारखं, हिरवं सुरू. काहीजण तर रंगवायच्या आधी तारेच्या ब्रशनं साल घासतात, "स्वच्छ" करतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की शेवाळ झाडाचा रस पितं. अहो ते झाडाचं काहीच पीत नाही, त्याला मुळंच नाहीत, ते फक्त बसलंय. रात्री दिसायला पाहिजे तर रिफ्लेक्टरची पट्टी सैल बांधता येते, खिळा न मारता. खिळ्यांचं तर बोलायलाच नको, क्लासची जाहिरात, डॉक्टरची पाटी, शुभेच्छांचा फ्लेक्स.

एक मात्र सांभाळून बोलायला पाहिजे. एपिंगची गोष्ट ऐकून कुणी असं म्हणू नये की बघा फांद्या तोडणं चांगलं, आता महावितरणच्या तारांखालची झाडं तोडा हवी तशी. तिथं एका ठराविक उंचीला, ठराविक वर्षांनी, पिढ्यानपिढ्या तीच झाडं, असा तो हिशोब होता. आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर एका बाजूची सगळी फांदी खांद्यापासून फाडून काढतात, साल लोंबत राहते, आणि पुढच्या वादळात तेच झाड दुसऱ्या बाजूला कलंडतं. वड-उंबरासारख्या झाडांना छाटणी सोसते, पण हेंदरलेली जखम आणि सवळलेली जखम यात फरक आहे, ते टाळ तोडणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो कोयता कसा तिरका लावायचा ते दाखवेल.

कागदावर आपण वाईट नाही आहोत. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांचा कायदा 1975 चा, 2021 ला त्यात दुरुस्ती झाली, 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरायचं आणि झाड तोडावं लागलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची. ऐंशी वर्षांच्या झाडाला ऐंशी रोपं. ऐकायला जोरदार आहे, आणि रोपांसाठी चांगलंच आहे. पण एपिंगची गायब पिढी आठवा. ऐंशी रोपांना मिळून पुढची कितीतरी वर्षं एकसुद्धा ढोली नसणार, पिंगळ्याला नाही, पोपटाला नाही आणि मॉसला तर नाहीच. पोपटासाठी निदान कुणीतरी ओरडतं. म्हणून आमचं म्हणणं असं की हेरिटेज झाड तोडायचा अर्ज येतो तेव्हा झाडाच्या वयाबरोबर त्याच रस्त्यावर तसल्याच वयाचं, ढोलीवालं दुसरं झाड शिल्लक आहे का, आणि त्याच्या मागची चाळीस-पन्नास वर्षांची पिढी आहे का, हे विचारलं पाहिजे. नसेल तर ते झाड रस्त्यावरचं शेवटचं घर आहे असं समजून निर्णय घ्यावा.

त्याच कायद्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणती करायची सांगितलीय. जात, घेर, उंची, वय हे आपल्याकडं नेहमी मोजतात. आम्ही ग्रुपच्या पातळीवर आमच्या वहीत तीन रकाने वाढवलेत: ढोली आहे का आणि तिचं तोंड कुठल्या दिशेला, पाण्याचा ओघळ खोडावरनं येतो का, आणि ओघळावर हिरवं आहे का. मॉसची जात कळायची गरज नाही, "हिरवं आहे" एवढं लिहिलं तरी चालतं, जात नंतर कुणीतरी जाणकार बघेल. सध्या रंकाळ्याच्या एका बाजूचं आणि दोन पेठांचं झालंय. ज्यांना आपल्या गल्लीचं करायचंय त्यांनी पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, ओघळ तेव्हाच दिसतात, दुपारपर्यंत साल वाळली की सगळी झाडं सारखीच वाटतात. आणि चुन्याचा पट्टा मारायला माणसं आली तर भांडू नका, त्यांना मजुरीवर पाठवलेलं असतं, ज्यानं पाठवलंय त्याचा नंबर घ्या.